भाकरीवर हात

“वहिनी, आधी दोन घास खातो, मग पैशाचं बोलू,” असं म्हणत काटकरभाऊ नळावर हात धुवायला गेले, आणि मी दारातच थांबले.

शनिवारची सकाळची शाळा सुटून मी नुकतीच घरी आले होते. दप्तर अजून पाठीवर होतं आणि तव्यावरच्या भाकरीचा वास असा सुटला होता, की एरवी मी दप्तरासकट ताटावर बसले असते. पण काटकरभाऊंचं ‘आधी दोन घास’ मला आता पाठ झालं होतं. ते नेमके आईच्या भाकऱ्या थापायच्या वेळी यायचे. पोटभर जेवायचे. आमटीची वाटी तोंडाला लावून रिकामी करायचे आणि म्हणायचे, “वहिनी, आमच्या घरात असली आमटी झाली असती तर मी या बांधकामाच्या भानगडीत पडलोच नसतो. घरातच बसून राहिलो असतो.” आई हसायची. मग एक समाधानाची ढेकर. आणि ढेकरेनंतर पैसे.

मागच्या वेळी अस्संच झालं होतं. आईनं पतसंस्थेतली ठेव मोडून आणली आणि त्यातली निम्मी रक्कम ॲडव्हान्स म्हणून भाऊंच्या हातात ठेवली. ते गेल्यावर मी विचारलं, “आई, पावती?”

आई माझ्याकडं अशी बघायला लागली, की मी जणू काटकरभाऊंच्या खिशात हात घातला होता. “शरे, आपल्या ताटात जेवलेल्या माणसाकडून पावती मागायची? उद्या तोंड कुठल्या पाण्यानं धुवू?”

आमच्याकडं हे असं आहे. जयसिंगपुरात आमची गल्लीच अशी आहे. दुकानदाराकडून काडेपेटीचं सुद्धा बिल घेतील, पण एकदा का माणूस तुमच्या पाटावर बसून जेवला, की तो घरचा झाला. घरच्या माणसाकडून लिहून घेत नाहीत. त्यात काटकरभाऊ पप्पांच्या गावचे. पप्पा ट्रकवर असतात. तेव्हा ते हुबळीच्या पुढं कुठंतरी होते आणि फोनवर म्हणाले होते, “देऊन टाक गं. आपल्या गावचा माणूस आहे. पळून कुठं जातोय?”

पळून गेले नव्हते, हे खरं. पण कामही पुढं सरकलं नव्हतं. मागच्या खोलीची फरशी उखडून ठेवलेली, भिंती कमरेएवढ्या उभ्या केलेल्या, मधोमध एक पाइप बोट वर केल्यासारखा उभा. दोन आठवडे तो पाइप तसाच बोट वर करून होता आणि त्याला कोणी ‘बोल बाबा’ म्हणत नव्हतं.

आणि अण्णा पुढच्या शनिवारी घरी येणार होते.

अण्णा म्हणजे माझे आजोबा. अख्खी नोकरी एसटी चालवण्यात गेली, त्यामुळं बोलतातही घाट चढत असल्यासारखे, मोठ्यानं आणि थांबत थांबत. आमचा संडास मागच्या अंगणात, पायऱ्या उतरून. पहाटे तिथं जाताना त्यांचा पाय घसरला आणि खुबा मोडला. मिरजेला ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी आईला स्पष्ट सांगितलं, आता उकिडवं बसणं बंद, पायऱ्या बंद. घरातच कमोड हवा, पाय न घसरणारी खरखरीत फरशी हवी, आणि दोन्ही बाजूंना धरायला भक्कम दांड्या हव्यात. दुसऱ्यांदा पडले तर पुन्हा उभे राहतील असं मी सांगू शकत नाही, असंही म्हणाले.

मी दवाखान्यात भेटायला गेले, तेव्हा अण्णांच्या उशाशी पाण्याचा तांब्या काठोकाठ भरलेला होता. नर्सबाई वैतागल्या होत्या. “सांग गं तुझ्या आजोबांना. पाणीच पीत नाहीत. लघवीला त्रास व्हायला लागलाय त्यांना.”

त्या गेल्यावर मी विचारलं, “अण्णा, पाणी का पीत नाही?”

अण्णांनी खिडकीकडं तोंड फिरवलं. “पाणी प्यायलं की जावं लागतं. जायचं तर कुणालातरी बोलवावं लागतं. ते भांडं घेऊन येतात, सगळ्यांच्या देखत.” मग म्हणाले, “घरी आलो की पितो. घरी बांधताय ना ते? तिथं माझा मी जाईन. मग बघ, हंडाभर पितो.”

म्हणून मी दारातच थांबले होते. आत बोट वर केलेला पाइप, नळावर काटकरभाऊ, आणि आईच्या कमरेच्या बटव्यात ठेवीची उरलेली सगळी रक्कम. दिली आणि काम झालं नाही, तर अण्णा त्या खड्ड्यात घरी येणार. नाही दिली आणि भाऊ रागावून गेले, तरी त्याच खड्ड्यात येणार.

आता माझं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. सातवीपर्यंत मी इतकी गप्प होते की हजेरीला ‘हजर’ म्हटलेलंही बाईंना ऐकू जायचं नाही. त्यांनी मला दोनदा गैरहजर लावली होती, मी समोर बसलेली असताना! आठवीत शालेय मंत्रिमंडळाची निवडणूक झाली आणि कुणी उभं राहीना म्हणून मला पोषण आहार मंत्री केलं. सगळ्यांना वाटलं, ही गप्प राहील आणि खिचडी वाटेल. मला पण तसंच वाटलं होतं. पण हातात खिचडीचा डाव आला आणि मला कंठ फुटला. पोरं रांगेत उभी राहायला लागली. मी ‘पुढं सरक’ म्हटलं की सरकायला लागली. काय वाटतं माहितीय? पहिल्यांदा सायकल सोडून दिली आणि ती पडली नाही, तसं.

एकदा केळी आली होती. मोजून. शेवटच्या पाच मुलांना मिळालीच नाहीत. दोन-दोन कुणी घेतली, कुणी कबूल होईना. बाई ओरडल्या, काही उपयोग नाही. मग मी म्हटलं, “सगळ्यांनी आपल्या ताटावर हात ठेवा आणि एकेकानं सांगा, मी एकच घेतलं.” अण्णा लहानपणापासून मला सांगायचे, ताटावर बसून खोटं बोलू नये, अन्न अंगी लागत नाही. तेच मी वापरलं. तिसऱ्याच मुलाचा हात ताटावर जाईना. दप्तरातून केळं बाहेर आलं, काळं पडलेलं. पाठोपाठ आणखी चार.

तर त्या शनिवारी आईनं काटकरभाऊंचं ताट वाढलं. ज्वारीची भाकरी, मेथीची पातळ भाजी, खर्डा, कांदा फोडून. भाऊ मांडी घालून बसले. उंच, रुंद माणूस, हसला की गालावर खळी पडायची. वाईट दिसायचाच नाही. तीच तर पंचाईत होती.

“काय मंत्रीबाई, सुटली शाळा?” ते मला म्हणाले.

“सुटली. भाऊ, अण्णांच्या फरश्या आल्या?”

“आल्या की! दुकानात माल काढून ठेवलाय. कमोड, फरश्या, दांड्या, सगळं तुमच्या नावानं बाजूला. आज उरलेले पैसे मिळाले की टेम्पो लावतो. सोमवारी बघ, कामाचा धुरळा.”

“कसल्या रंगाच्या आहेत फरश्या?”

“पांढऱ्या. दुधासारख्या.”

आईनं भाकरी थापता थापता मान वर केली. “पांढऱ्या कशा भाऊ? मी विटकरी सांगितल्या होत्या. अण्णांना पांढऱ्यावर पांढरं दिसत नाही, कुठं पाय ठेवायचा कळत नाही.”

“विटकरीच ओ वहिनी! पांढऱ्या दुसऱ्या घरच्या. माझ्या डोक्यात चार घरं फिरतात एका वेळी.” भाऊ हसले, खळी पडली. “तुम्ही काही काळजी करू नका. आहाहा, वास काय सुटलाय मेथीचा!”

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. भाजीत बुडवला. आता हा घास आत गेला की दुसरा जाणार, तिसरा जाणार, वाटी तोंडाला लागणार, ढेकर येणार, आणि आई कमरेचा बटवा सोडणार. मला हे सगळं ओळीनं दिसत होतं, एसटीच्या थांब्यांसारखं. आणि शेवटच्या थांब्यावर अण्णा, भरलेल्या तांब्याशेजारी, खिडकीकडं तोंड करून.

“भाऊ, थांबा,” मी म्हटलं.

माझा आवाज मंत्र्याचा निघाला. रांगेला लावायचा तो. घास तोंडाजवळ थांबला.

“भाकरीवर हात ठेवून सांगा, आमचा माल दुकानात आहे.”

“शरे!” आई ओरडली. तिच्या हातातला भाकरीचा गोळा परातीत पडला.

भाऊ हसले. “काय पोरगी आहे ओ वहिनी! पोलिसात घाला हिला.” पण घास तोंडात गेला नाही. हातातच राहिला, त्यातून भाजी टपकत होती.

“फक्त हो म्हणा,” मी म्हटलं. आई बरोबर असेल आणि माल खरंच तिथं असेल, तर आज मला या घरात जागा नव्हती. “भाकरीवर हात ठेवायचा, हो म्हणायचं. मी माफी मागते, पाया पडते.”

“अगं, आमटी गार होईल...”

“आज आमटी नाहीये, भाऊ. मेथी आहे.”

हे मी मुद्दाम नव्हतं म्हटलं, तोंडातून निघून गेलं. कुणी हसलं नाही. चुलीवर तवा तापून धूर यायला लागला होता, आणि आईनं तो उतरवला नाही. ती भाऊंच्या हाताकडं बघत होती. मीही तिकडंच बघत होते. तो मोठा, सिमेंटनं भेगाळलेला हात ताटावर अधांतरी होता. भाकरी वितीवर होती.

भाऊंनी घास परत ताटात ठेवला. खळी गेली होती. त्यांनी हात मागं घेतला, गुडघ्यावर पुसला, आणि उठले.

भरल्या ताटावरून उठले! आमच्या घरात असं कधी झालं नव्हतं. आमच्या गल्लीत झालं नव्हतं. ते नळावर गेले, हात धुतले, चपला घातल्या आणि बाहेर पडले.

मला वाटलं आई मारणार. ती आधी तव्याकडं गेली, तो उतरवला. मग ताटासमोर येऊन खाली बसली.

“माणूस उपाशी उठवलास दारातून,” ती हळू म्हणाली.

“आई, मी फक्त...”

“गप्प बस.” तिनं त्या मोडलेल्या भाकरीकडं बघितलं. कितीतरी वेळ बघितलं. “हो म्हणाला असता तर मी दिले असते. आत्ता. सगळे.” मग डोळ्यांना पदर लावला आणि उठली. “चप्पल घाल.”

“कुठं जायचं?”

“गाडीचा आवाज आला का तुला?”

नव्हता आला. आम्ही दार उघडलं. काटकरभाऊंची मोटरसायकल तशीच उभी होती आणि ते स्वतः आमच्या दारात ओतलेल्या वाळूच्या ढिगावर बसले होते, गुडघ्यात मान घालून. एवढा मोठा माणूस आणि वाळूत बसलेलं पोर दिसत होतं.

आई त्यांच्यासमोर उभी राहिली. मी तिच्या मागं. मंत्रिपद घरात राहिलं होतं.

“माल नाही ना?” आईनं विचारलं.

“नाही, वहिनी.”

“पैसे?”

“उदगावला एका घराचा माल भरला त्यातून. त्यांची वास्तुशांत होती, माणसं दारात येऊन बसली होती. त्यांचे पैसे त्यांच्या आधीच्याला लागले होते. त्याचे त्याच्या आधीच्याला.” भाऊ वाळूशीच बोलत होते. “एकदा एका घरात मला खोट आली. तेव्हापासून याची टोपी त्याला, त्याची याला. तुमचे उरलेले मिळाले असते तर तुमचा अर्धा माल आला असता. उरलेला अर्धा पुढच्या घरातून.”

“आणि पुढचं घर मिळालंच नसतं तर?”

भाऊंनी मुठीत वाळू घेतली आणि सोडून दिली.

मला वाटलं, आता आई गल्ली गोळा करणार, पप्पांना फोन लावणार. पण आई ज्या आवाजात बोलायला लागली, तो मी तोपर्यंत ऐकला नव्हता. शांत. एकेक शब्द निवडून टाकल्यासारखा.

“ऐका. आता माझे पैसे तुमच्या हातात येणार नाहीत. दुकानात मी तुमच्याबरोबर येते. माल माझ्यासमोर निघेल, पैसे दुकानदाराला मी देईन, बिल माझ्या नावानं होईल. टेम्पोत मी बसून येईन. आधी जे दिलेत ते तुमच्या मजुरीत वळते. किती दिलेत आणि काय काय काम करायचंय, ते सगळं कागदावर लिहून तुम्ही सही करायची. मी पण करते. त्यावर मजुरी उरेल ती शेवटी. आणि शेवटी म्हणजे कधी, ते पण ऐका. अण्णा स्वतःच्या पायानं आत जाऊन, हात धुऊन बाहेर आले की. त्याआधी दमडी नाही.”

भाऊंनी मान वर केली. “वहिनी, आता एवढा विश्वास ठेवताय? मी पळालो तर?”

“पळणारा वाळूवर बसत नाही,” आई म्हणाली. “चला, आत या. जेवून घ्या, मग निघू.”

“नाही.” त्यांनी मान हलवली. “आता काम झाल्यावर.”

त्याच दुपारी आम्ही तिघं दुकानात गेलो. माल निघाला. फरश्या विटकरी, खरखरीत. मी हात फिरवून बघितला, मांजरीच्या जिभेसारख्या. बिलावर आईचं नाव पडलं, कल्पना बाबुराव शिंगटे, आणि आईनं ते दोनदा वाचलं. मला वाटतं, दुकानाच्या बिलावर तिचं नाव पहिल्यांदाच आलं होतं. घरी आल्यावर माझ्या वहीच्या पानावर पाठपोट कामाची यादी झाली, दोघांच्या सह्या झाल्या. पप्पा फोनवर म्हणाले, “अगं, गावचा माणूस, सह्या कसल्या घेतेस?” आई म्हणाली, “गावचा आहे म्हणून सही पुरली. परका असता तर हाकलला असता.” आणि फोन माझ्याकडं दिला.

आठवडाभर काटकरभाऊ कामाला उजाडताच हजर. डबा घरून आणायचे आणि वाळूवर बसून खायचे. आई रोज ‘या जेवायला’ म्हणायची, ते रोज ‘काम झाल्यावर’ म्हणायचे. माझ्याशी बोलायचे, पण खळी नाही. भिंती वर गेल्या, फरशी बसली, कमोड आला. शुक्रवारी संध्याकाळी दांड्या लागल्या, दोन्ही बाजूंना, चकचकीत. मी आत जाऊन दार लावून बसून पाहिलं. दांडीला हात नुसता टेकवला, कारण ती इतकी छान होती की डाग पडेल असं वाटलं. राजवाडा होता तो, राजवाडा!

शनिवारी अण्णा आले. रिक्षातून गल्लीतल्या दोघांनी उतरवलं, मग मात्र वॉकर हातात घेतला आणि म्हणाले, “आता सोडा. गाडी मी घेतो.” टक, पाऊल. टक, पाऊल. कॉटवर बसले. घाम पुसला. आईनं पाणी दिलं, तर हातानं थांबवलं.

“आधी तिथं जाऊन येतो. जमतंय का बघतो. मग पितो.”

“जरा दम खा, मामंजी,” आई म्हणाली. “तोवर मी भाऊंना वाढते. आज काम पूर्ण झालंय. आज तरी जेवतील.”

पैशाचं पाकीट घड्याळामागं तयार होतं. पाट मांडला. ताट आलं, आज आमटी होती, मुद्दाम केलेली. भाऊ हात धुऊन बसले आणि भाकरी मोडेनात. माझ्याकडं बघून हसले. आठवड्यानंतर खळी!

“काय मंत्रीबाई, आज विचारणार नाही?”

“काय विचारू?”

“त्या दिवशीसारखं. घाला शपथ.”

आई हसली. अण्णांना आईनं सगळं फोनवर सांगितलेलं होतं, तेही कॉटवरून हसले. “विचार, शरे, विचार! साहेबांना सोडू नकोस!” असं म्हणत त्यांनी वॉकर ओढला आणि उठलेच. “चालू दे तुमचं. मी येतो जाऊन. कुणी मागं यायचं नाही.”

मी कंबरेवर हात ठेवले. नाटकातल्यासारखा आवाज काढला. “काटकरभाऊ! भाकरीवर हात ठेवून सांगा. काम पूर्ण झालं?”

भाऊंनी हात भाकरीवर ठेवला. तोंड उघडलं.

टक, पाऊल. टक, पाऊल. अण्णा मागच्या खोलीच्या दाराशी पोचले होते. दार करकरलं.

भाऊंचं तोंड उघडंच राहिलं. हात भाकरीवर दाबला गेला, इतका की ती ताटात चेपली. खळी कुठल्या कुठं गेली.

“भाऊ?” आई म्हणाली.

आतून अण्णांचा आवाज आला, “बसायचं कसं, दांडी धरून ना?”

भाऊ उठले. ताट कलंडलं, आमटी पाटावर गेली. “अण्णा, डावीकडची धरू नका!” असं ओरडत ते आत धावले, मागून आई, मागून मी. अण्णा कमोडकडं पाठ करून उभे होते, वॉकर सोडलेला, उजवा हात उजव्या दांडीवर, आणि डावा हात डाव्या दांडीकडं निघालेला. भाऊंनी तो हात हवेतच झेलला आणि आपल्या खांद्यावर घेतला.

“काय झालं रे?” अण्णा दचकून म्हणाले.

भाऊंनी दुसऱ्या हातानं डावी दांडी धरली आणि एक हिसका दिला. ती भिंतीतून सुटून आली. स्क्रू, पांढरं सिमेंट, विटकरी फरशीचा तुकडा, सगळं खणखणत खाली पडलं. स्क्रू माझ्या बोटाच्या पेराएवढे होते.

“मागं भिंत पोकळ निघाली,” भाऊ म्हणाले. “ड्रिल मारताना फरशी तडकली, बोल्ट धरेना. काल संध्याकाळ झाली होती. म्हटलं, छोटे स्क्रू मारतो, वर सिमेंट लिंपतो. आज पैसे घेतो आणि सोमवारी येऊन नीट करतो.”

“आला असता सोमवारी?” आईनं विचारलं.

भाऊंनी उघड्या दारातून बाहेर, त्या कलंडलेल्या ताटाकडं बघितलं.

“माहीत नाही, वहिनी.”

मग अण्णा म्हणाले, “हे सगळं ठीक आहे, पण मला आता जायचंय. त्याचं काय?”

“माझ्या खांद्याला धरून बसा, अण्णा. मी भिंतीकडं तोंड करतो.”

“आज करशील. जन्मभर उभा राहणारेस काय इथं?”

“नाही. संध्याकाळपर्यंत.”

आई आणि मी बाहेर आलो. तिनं पाट पुसला. नवीन ताट वाढलं, त्यावर दुसरं ताट पालथं घातलं आणि चुलीशेजारी ठेवलं. पाकीट घड्याळामागंच राहिलं. भरल्या ताटावरून माणूस दुसऱ्यांदा उठला होता, पण या वेळी ती मला काही बोलली नाही.

भाऊंनी भिंतीला आरपार भोक पाडलं, लांब बोल्ट घातले, पलीकडून लोखंडी पट्टी लावून आवळले. मग मला हाक मारली. “मंत्रीबाई, बघा.” त्यांनी दोन्ही हातांनी ती दांडी धरली, आणि पाय वर उचलून घेतले. तो अवाढव्य माणूस दांडीला लोंबकळत होता, गुडघे पोटाशी, तोंड लाल. भिंत हलली नाही. “आता विचार,” ते तसेच लोंबकळत म्हणाले.

मी नाही विचारलं. गरज नव्हती.

दोन वर्षं झाली. आता मी दहावीत आहे, आणि मंत्रिमंडळात मुख्यमंत्री आहे, हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. काटकरभाऊ आता प्रत्येक घरात मालाचं बिल घरवाल्यांच्या नावानं करायला लावतात, असं आई सांगते. आमच्या गल्लीत तर आता ॲडव्हान्स द्यायची वेळ आली की बायका आईला बोलावून नेतात. मला फक्त एक गोष्ट कळत नाही. त्या शनिवारी भाऊंनी स्वतःहून मला विचारायला का सांगितलं? मी तर विसरूनही गेले होते. कुणी विचारलं नसतं, आणि पाकीट तर तयारच होतं. एकदा मी त्यांना रस्त्यात गाठून तेच विचारलं. ते म्हणाले, “आमटी चांगली होती, अभ्यास कर.”

त्या संध्याकाळी अण्णा एकटे आत गेले. टक, पाऊल. टक, पाऊल. दार लागलं. आम्ही तिघं बाहेर उभे, श्वास धरून. भाऊ दाराला कान लावून होते आणि त्यांचे ओठ हलत होते. बराच वेळ काही नाही. मग धबाबा पाणी सुटलं. नळ वाजला. दार उघडलं आणि अण्णा बाहेर आले, ओले हात धोतराला पुसत, एसटी डेपोत लावून आल्यासारखे.

आईनं घड्याळामागचं पाकीट काढून भाऊंच्या हातात दिलं आणि ताटावरचं ताट उचललं.

अण्णा कॉटवर टेकले. मी पाण्याचा पेला पुढं केला. त्यांनी तो बघितला आणि बाजूला सारला.

“शरे,” ते घाट चढल्यासारखे म्हणाले, “पेला काय आणतेस? तांब्या आण.”